उशिरा राजीनामा देणाऱ्या शिक्षकांकडून दंड: किती, कशाचा आणि कोणत्या नियमाने?

शुभदा_व

माझ्या एका सहकारी शिक्षिकेची पवित्र पोर्टलवरून (राज्याचं शिक्षक भरतीचं संकेतस्थळ) जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून निवड झाली आहे. रुजू व्हायला हातात आठ दिवस आहेत. सध्या ती एका स्वयंअर्थसहाय्यित शाळेत शिकवते, दुसरं वर्ष सुरू आहे, शाळेला राज्य मंडळाची मान्यता आहे. नियुक्तीपत्रात अट अशी की सत्र चालू असताना नोकरी सोडली तर तीन महिन्यांचं पूर्ण वेतन भरायचं. पगार १८,०००, म्हणजे ५४,००० रुपये. ते भरेपर्यंत अनुभव प्रमाणपत्र नाही, आणि रुजू होताना जमा करून घेतलेली डी.एड. आणि टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षा) मूळ प्रमाणपत्रंही नाहीत. तिकडे कागदपत्र पडताळणीला मूळ प्रतीच लागतात.

जिथे ती चालली आहे तिथलं मानधन सुरुवातीची तीन वर्षं १६,००० आहे. म्हणजे दंडाची रक्कम नव्या नोकरीच्या तीन महिन्यांच्या कमाईपेक्षा जास्त.

माझं मत आधीच स्पष्ट सांगते. नोटीस हवीच. वर्ग अर्ध्यावर टाकून जाणाऱ्याने भरपाई द्यावी, तेही मान्य. पण भरपाई म्हणजे जेवढी नोटीस कमी पडली तेवढ्यापुरती. कागद अडवून ठेवणं ही भरपाई नाही, ती अडवणूक आहे. या बाबतीत कायदा नक्की काय म्हणतो, ज्यांनी हे स्वतः निस्तरलं आहे त्यांनी कृपया लिहा.

निवृत्त_मुख्याध्यापक

शुभदाताई, तुमच्या सहकारी बाईंना आधी हे सांगा की घाबरून पैसे भरू नका आणि घाईघाईने गैरहजरही राहू नका.

महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त खाजगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आहे आणि त्याखालची १९८१ ची नियमावली आहे. आपण सगळे त्याला एमईपीएस म्हणतो. शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित, याने राजीनाम्याच्या नियमात फरक पडत नाही. त्यातला नियम ४० राजीनाम्याचा. कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची नोटीस द्यायची, कायम नसलेल्याने एक महिन्याची. बाईंचं दुसरं वर्ष सुरू आहे म्हणजे त्या परिवीक्षेवर आहेत, कायम नाहीत. त्यांना तीन महिने लागूच होत नाहीत.

आता पैशांचं. नोटिशीऐवजी वेतन घेऊन व्यवस्थापन लवकर सोडू शकतं. पण ते वेतन म्हणजे भत्ते वगळून, आणि जेवढे दिवस नोटीस कमी पडली तेवढ्याच दिवसांचं. हे दोन्ही नियमातच लिहिलेलं आहे. माझ्या काळातही संस्था 'पूर्ण पगार' म्हणून एकूण रकमेवर बोट ठेवायच्या. नियम समोर ठेवला की आकडा खाली यायचा.

पगारपत्रक बघा. १८,००० पैकी मूळ वेतन किती दाखवलं आहे?

शुभदा_व

सर, आत्ताच विचारलं. मूळ १२,०००, बाकी भत्ते.

निवृत्त_मुख्याध्यापक

मग हिशेब सरळ आहे. आज राजीनामा दिला तर आठ दिवस नोटिशीचे भरले, बावीस दिवस कमी पडले. १२,००० भागिले ३०, गुणिले २२. आठ हजार आठशे रुपये. संस्था मागते आहे ५४,०००.

एक सावधगिरीचा शब्द. नियमात व्यवस्थापन लवकर सोडण्याची परवानगी 'देऊ शकेल' असं आहे. ती मागावी लागते. म्हणून राजीनाम्याच्या पत्रातच लिहा की नोटीस आठ दिवसांची आहे, उरलेल्या बावीस दिवसांचं नियमाप्रमाणे होणारं वेतन भरायला तयार आहे, मला कार्यमुक्त करावं. तोंडी बोलणं नको.

बीजगणित_भूमिती

इथे सगळे शिक्षकाच्या बाजूने बोलणार हे दिसतंय. मीही शिक्षकच आहे, तरी दुसरी बाजू मांडतो, कारण मी ती भोगली आहे.

आमच्याकडे दहावीचे गणिताचे सर ऑगस्टच्या अखेरीस गेले. सोमवारी आले नाहीत, मंगळवारी मोबाइल बंद, बुधवारी कळलं की कोचिंग क्लासमध्ये रुजू झाले. दोन तुकड्या एकत्र बसवल्या, एका बाकावर तिघं. वर्गसमीकरणं अर्ध्यावर सुटली होती, सूत्र शिकवून झालं होतं पण उदाहरणं झाली नव्हती. पहिल्या घटक चाचणीचे पेपर त्यांच्या कपाटात कुलपात, किल्ली त्यांच्याकडे. मुलांना गुण कोणी द्यायचे? कोणते पेपर तपासले, कोणते नाहीत, काहीच पत्ता नाही. मी माझ्या नववीच्या तासिका सांभाळून त्यांचे तास घेतले, बाकी ऑफ पिरियड शारीरिक शिक्षणाच्या सरांनी सांभाळले. नवे शिक्षक मिळेपर्यंत दिवाळी आली.

ज्या घरांना शिकवणी परवडत होती त्यांनी लावली. ज्यांना परवडत नव्हती त्यांच्या मुलांचं जे नुकसान झालं ते कोणत्या मूळ वेतनात मोजायचं?

दंड नसेल तर हे रोज होईल. ५४,००० जास्त आहेत हे मान्य, पण ८,८०० मध्येही कोणाला धाक वाटत नाही.

शुभदा_व

सर, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं आणि त्यातला एकही शब्द मी खोडून काढणार नाही. पण बघा, ते सर न सांगता गेले. माझी सहकारी सांगून, लिहून, पेपर तपासून, निकालपत्रक भरून जायला तयार आहे. दोघांना एकच दंड लावला तर सांगून जाणाऱ्याला काय फायदा? उलट अशा अटींमुळेच लोक न सांगता जातात. कागद अडकले नसतील तर सोमवारी गायब होणं सगळ्यात सोपं, कारण सांगितलं की छळ सुरू होतो.

आणि दंडाचे पैसे मुलांपर्यंत पोचतात का? तुमच्या शाळेने त्या सरांकडून काही वसूल केलं असतं तर त्यातून दुसऱ्या दिवशी तासिका तत्त्वावर कोणी आणलं असतं का?

बीजगणित_भूमिती

नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर ते पैसे संस्थेच्या खात्यात गेले असते.

ह्यूस्टनची_बाई

मी टेक्सासमध्ये सरकारी शाळेत शिकवते. इकडची पद्धत सांगते, कारण इकडे पैशापेक्षा कडक शिक्षा आहे पण तिच्यात एक शहाणपणही आहे.

करार साधारण उन्हाळ्याआधी सही होतो. शाळेत शिकवणीचा पहिला दिवस ज्या तारखेला असतो त्याच्या ४५ दिवस आधीपर्यंत लेखी राजीनामा दिला तर काहीही दंड नाही, कारणही द्यावं लागत नाही. शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होत असेल तर ही मुदत जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला येते. त्यानंतर मात्र जिल्ह्याची, म्हणजे शाळा चालवणाऱ्या शालेय जिल्ह्याची, संमती लागते. संमतीशिवाय गेलात तर जिल्हा ३० दिवसांच्या आत राज्याच्या प्रमाणन मंडळाकडे तक्रार करू शकतो, आणि मग शिकवण्याच्या परवान्यावर कारवाई होते. सरसकट ठरलेली शिक्षा म्हणजे परवाना एक वर्ष निलंबित. त्या वर्षात राज्यातल्या कोणत्याही सरकारी शाळेत शिकवता येत नाही.

शहाणपणाचा भाग असा. कारण रास्त असेल तर शिक्षा नाही: स्वतःचं किंवा जवळच्या कुटुंबीयाचं गंभीर आजारपण, जोडीदाराची नोकरी बदलल्यामुळे गाव बदलणं, घरच्या जबाबदाऱ्यांत मोठा बदल. आणि कारण तसं नसलं तरी तुम्ही कसे गेलात हे बघितलं जातं. आधी कळवलं का, बदली माणूस शोधायला मदत केली का, तो येईपर्यंत थांबलात का, पाठटाचणं ठेवून गेलात का. २०२१ मध्ये कायदा आणखी सैल झाला. पहिल्या दिवसाच्या किमान ३० दिवस आधी जो कळवतो त्याचा परवाना आता निलंबित किंवा रद्द करता येत नाही.

शुभदा, तू म्हणालीस ना, सांगून जाणाऱ्याला काय फायदा? इथे तो फायदा नियमात लिहून ठेवला आहे.

बीजगणित_भूमिती

ताई, हे मला पटलं. पण परवानाच एक वर्ष गोठवायचा म्हणजे एक शिक्षक कमी झाल्याची शिक्षा म्हणून आणखी एक वर्ष शिक्षक कमी करायचा. तुमच्याकडे शिक्षक मिळतात का इतके?

ह्यूस्टनची_बाई

नाही मिळत. म्हणूनच बरेच जिल्हे बदली शिक्षक मिळाला की संमती देऊन मोकळे होतात. काही मात्र इतरांना जरब बसावी म्हणून तक्रार करतातच. ॲरिझोनातही सही केलेल्या करारातून नियामक मंडळाच्या मंजुरीशिवाय बाहेर पडणं हे व्यावसायिक गैरवर्तन धरलं जातं आणि परवान्यावर कारवाई होऊ शकते. शिवाय तिथल्या पुष्कळ करारांत ठरावीक रक्कमही लिहिलेली असते, ती शेवटच्या पगारातून कापली जाते.

लीड्सवाली

इंग्लंडमधून लिहितेय. इकडच्या सरकारी शाळांत पिढ्यान्पिढ्या तीन तारखा ठरलेल्या आहेत. ३१ डिसेंबरला सोडायचं तर ३१ ऑक्टोबरपर्यंत राजीनामा. ३० एप्रिलला सोडायचं तर फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत. ३१ ऑगस्टला सोडायचं तर ३१ मेपर्यंत. स्टाफरूममध्ये ३१ मे ही तारीख सगळ्यांना पाठ असते. जाहिराती त्याआधी निघतात, मुलाखती त्याआधी होतात, सगळं वेळापत्रक त्याभोवती फिरतं.

तारीख चुकली आणि तरी गेलात तर तो करारभंग. शाळा नुकसानभरपाई मागू शकते, पण प्रत्यक्ष जादा खर्च झाला असेल तेवढीच, म्हणजे बदली शिक्षकाला दिलेले पैसे आणि तुमचा वाचलेला पगार यांतला फरक. न्यायालयापर्यंत फार क्वचित जातात. खरी भीती असते ती संदर्भपत्राची, म्हणजे जुनी शाळा नव्या शाळेला तुमच्याबद्दल जे लिहून देते त्याची.

पण मुद्दा असा की तारखा चालतात कारण भरती करणारी शाळाही त्याच तारखा पाळते. पवित्र पोर्टलची यादी सप्टेंबरमध्ये लागली आणि आठ-दहा दिवसांत रुजू व्हा म्हटलं, तर बिचाऱ्या शिक्षकाने नोटीस कधी द्यायची? दोष एका शिक्षिकेच्या माथी का?

शुभदा_व

लीड्सवाली, अगदी हेच! एकीकडून शासन म्हणतं लगेच रुजू व्हा, दुसरीकडून शासनाचाच नियम म्हणतो नोटीस द्या, आणि मधल्या दिवसांचं बिल शिक्षकाच्या नावावर.

निवृत्त_मुख्याध्यापक

यात आणखी एक गाठ आहे, लोकांना माहीत नसते. नियम ४० चा पुढचा भाग: सुट्टीचा हक्क असलेल्या कर्मचाऱ्याने सुट्टीत राजीनाम्याची नोटीस द्यायची नाही, आणि सुट्टीचा कोणताही भाग नोटिशीत येईल अशीही द्यायची नाही. पहिलं सत्र सुरू झाल्यापासून एक महिनाही नोटीस देता येत नाही.

आता कायम शिक्षकाचं कॅलेंडर मांडून बघा. शाळा १५ जूनला सुरू झाली. १५ जुलैपर्यंत नोटीस नाही. १५ जुलैला दिली तर तीन महिने १५ ऑक्टोबरला संपतात आणि त्यानंतर दिवाळीची सुट्टी लागते. ही खिडकी चुकली, समजा ऑगस्टच्या शेवटी दिली, तर तीन महिन्यांत दिवाळी येते. मग सुट्टी संपल्यावर नोव्हेंबरात नोटीस द्यायची आणि फेब्रुवारीत बाहेर पडायचं, नेमक्या परीक्षांच्या तोंडावर. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, सुट्टीचा पगार घेऊन कोणी पसार होऊ नये. पण वर्षात मोजकेच दिवस असे उरतात की नियमही पाळला जातो आणि वर्गही अर्ध्यावर सुटत नाही. कायम शिक्षकाने दुसरीकडे अर्ज करतानाच हे कॅलेंडर भिंतीवर लावावं.

चिटणीस_ग्रामीण

मी एका छोट्या अनुदानित संस्थेचं काम बघतो. इथे संस्थाचालक म्हटलं की लोक एकाच चष्म्यातून बघतात म्हणून लिहितो.

याच नियमात आहे की नोटीस न घेता किंवा त्याबदल्यात वेतन न घेता आम्ही कोणाला सोडलं, तर तेवढी रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते. म्हणजे माणुसकी म्हणून मी सूट दिली तर भुर्दंड शाळेला. गेल्या वेळी एका बाईंच्या यजमानांची बदली झाली, कारण अगदी खरं होतं, तरी मला पैसे भरून घ्यावे लागले. टेक्सासच्या ताईंनी सांगितलं तसं रास्त कारणांचं कलम आपल्याकडे असतं तर मला ते आनंदाने वापरता आलं असतं.

मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं मात्र चूक. आम्ही मूळ प्रत बघतो, छायांकित प्रतीवर सही-शिक्का करतो आणि त्याच दिवशी परत देतो.

वकील_अमरावती

कायद्याच्या बाजूने थोडं, कारण करारातल्या रकमेबद्दल गैरसमज बरेच आहेत.

भारतीय करार कायदा १८७२, कलम ७४. करारात दंडाची रक्कम लिहिलेली आहे म्हणून ती तशीच्या तशी मिळते असं नाही. न्यायालय वाजवी भरपाई देतं आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या कैलाशनाथ निकालात सांगितलं आहे.

सध्या संस्थांचे सल्लागार १४ मे २०२५ चा विजया बँकेचा निकाल पुढे करतात. त्यात तीन वर्षांच्या आत बँक सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली, हे खरं. पण का ठरवली ते वाचा. सार्वजनिक बँकेला खुली स्पर्धात्मक भरती करावी लागते, तिचा खर्च आणि वेळ मोठा, आणि त्या अधिकाऱ्याच्या पगाराच्या मानाने रक्कम अवाजवी नव्हती. मुलाखत घेऊन आठवड्यात माणूस नेमणाऱ्या शाळेला तो युक्तिवाद जसाच्या तसा उचलता येणार नाही. आणि जिथे सेवाशर्ती कायदा लागू आहे तिथे नियुक्तीपत्रातली अट नियमाच्या वर जाऊ शकत नाही.

कोणालाही जबरदस्तीने नोकरीत राहायला लावता येत नाही, व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय अंमलात आणायला लावत नाही. शाळेला मागता येते ती भरपाई, माणूस नव्हे. प्रमाणपत्रांवर तर शाळेचा कोणताच ताबा-हक्क नाही, ती विद्यार्थिनी म्हणून बाईंनी मिळवलेली त्यांची मालमत्ता आहे. लेखी मागणी करा, प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. न ऐकल्यास वकिलाची नोटीस.

कामगार न्यायालयाचा विचार करू नका. शिक्षक 'कामगार' या व्याख्येत येत नाही, हे १९८८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आहे.

खडूचा_हात

वकील साहेब, एक विचारायचं होतं. माझ्या पहिल्या नोकरीत रुजू होतानाच तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही घेतली होती. तिघींकडून घेतली होती. मला दोन वर्षं पूर्ण होण्याआधी तोच कागद बाहेर काढला आणि म्हणाले, तुम्हीच राजीनामा दिलात. म्हणजे मला जायचं तर तीन महिने, त्यांना काढायचं तर एक मिनिट. हा प्रकार अजून चालतो का?

वकील_अमरावती

चालतो, आणि त्यावर उपाय कायद्यातच आहे. सेवाशर्ती कायद्याचं कलम ७ वाचा. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला पाठवायची, दुसरी स्वतःकडे ठेवायची. टपालाची अट त्याचसाठी आहे, राजीनामा खरोखर कर्मचाऱ्याच्या हातून आणि त्या दिवशी गेला हे कळावं म्हणून. टेबलाच्या खणातून काढलेल्या कागदाला ती पोच नसते. सक्तीने घेतलेला राजीनामा म्हणजे सेवासमाप्तीच आहे, असं म्हणत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. मुदत ३० दिवसांची आहे, ती घालवू नका.

स्वतःहून सोडणाऱ्यांनीही हीच पद्धत वापरा. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे खिडकीवर स्पीड पोस्टासोबत नोंदणीची जोडसेवा आणि पोच मागून घ्या. नोटिशीचे दिवस कधीपासून मोजायचे यावर भांडण झालं तर हीच पावती कामाला येते.

खडूचा_हात

त्या वेळी हे सांगणारं कोणी भेटलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या शाळेतल्या नव्या मुलींना हा धागा पाठवते आहे.

शुभदा_व

धागा वर काढतेय. निवृत्त सरांनी सांगितलं तसं पत्र लिहिलं, दोन प्रती, स्पीड पोस्ट नोंदणीसह आणि शिवाय कार्यालयात हातोहात देऊन आवक क्रमांक घेतला. पत्रात नियम ४० आणि बावीस दिवसांचा हिशेब लिहिला. सोबत वेगळ्या पत्राने मूळ प्रमाणपत्रं मागितली, प्रत शिक्षणाधिकारी कार्यालयाला. पहिल्या दिवशी कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं, प्रमाणपत्रं परत दिली. ८,८०० धनादेशाने भरले, पावतीवर 'नोटीस कालावधीऐवजी वेतन' असं लिहून घेतलं.

आणि बीजगणित सर, हे खास तुमच्यासाठी. तिने चौथीच्या वर्गाची सगळी नोंद एका वहीत लिहून दिली आहे. कोणत्या मुलाला भागाकार जमत नाही, कोण फळ्यावरचं दिसत नाही म्हणून पुढे बसतो, कोणाचे पालक फक्त संध्याकाळी फोन उचलतात. चाचणीचे पेपर तपासून गुणपत्रकासह वर्गाच्या कपाटात, किल्ली मुख्याध्यापिकेकडे. शेवटचे दोन दिवस नव्या बाई तिच्यासोबत वर्गात बसल्या.

अनुभव प्रमाणपत्र अजून दिलेलं नाही. त्यासाठी काय करावं?

बीजगणित_भूमिती

ती वही जिच्याकडे गेली त्या बाईंचा महिना वाचला. माझं ८,८०० बद्दलचं म्हणणं मी मागे घेतो. अशी वही देणाऱ्याकडून मी एक रुपयाही घेतला नसता. दंड ठेवायचाच असेल तर वही न देणाऱ्यावर ठेवावा.

निवृत्त_मुख्याध्यापक

अनुभव प्रमाणपत्रासाठी पैसे भरल्याची पावती जोडून एक स्मरणपत्र द्या, पंधरा दिवसांची मुदत घाला. शिक्षणसेवक म्हणून रुजू व्हायला ते लागत नाही, त्यामुळे आठ दिवसांच्या मुदतीत ते अडकत नाही. तरीही सोडू नका. दरम्यान नियुक्तीपत्र, पगार जमा झाल्याचे बँकेचे उतारे आणि हजेरीपटाच्या पानांची छायाप्रत, एवढं जपून ठेवा.